निवड आणि निवडीचे कारण

आपल्या देशात ज्या विषयावर प्रत्येकास मत आहे, आणि ते मत बोलून दाखविण्यास कोणासही संकोच वाटत नाही, असा विषय क्रिकेटच्या संघाची निवड हा होय. संघाची नावे जाहीर झाली की रत्नागिरीच्या एस. टी. स्थानकाजवळील चहाच्या दुकानापासून मिरकरवाड्याच्या बंदरापर्यंत एकच चर्चा सुरू होते: अमक्यास का घेतले आणि तमक्यास का वगळले? ज्याने उभ्या जन्मात कधी बॅट हाती धरली नाही, तोही निवड समितीस चार शब्द सुनावून मोकळा होतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही मधल्या सुट्टीत याहून निराळे काही चालत नाही. आणि त्या गलबल्यात आमचाही आवाज असतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

या बोलण्यातील पुष्कळसा भाग पोकळ असतो, हे खरे. तथापि त्याच्या तळाशी एक खरे दुःख असते, व ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. संघावर जीव टाकणारा एक आणि संघ निवडणारा दुसरा, अशी ही स्थिती आहे. निवडीचा अधिकार समितीकडे. पराभवाची हळहळ मात्र सामना पाहण्यासाठी रात्र जागविणाऱ्या सामान्य माणसाकडे. आपण ज्यास दहा वर्षे धावा काढताना पाहिले त्याचे नाव यादीत नाही, आणि का नाही हे सांगावयास कोणी तयार नाही, असे झाले म्हणजे तो माणूस संतापतो. हा संताप योग्य की अयोग्य, व योग्य असल्यास त्याने नेमके काय मागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. विषय खेळाचा असला तरी तो आपल्या शाळेच्या व्हरांड्यापर्यंत येऊन पोहोचतो, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

निवड करणारा कधीही चुकू नये, अशी मागणी आम्ही करीत नाही. ती अन्यायाची होईल. उद्या कोण शतक काढील व कोण शून्यावर बाद होईल, हे आज सांगण्याची विद्या कोणासही अवगत नाही. आमची मागणी लहान आहे. ज्या खेळाडूस वगळावयाचे, त्यास समोर बसवून जे कारण सांगता येईल, तेच कारण निवडीत धरावे. जे कारण त्याच्या तोंडावर सांगण्याची लाज वाटते, ते कारणच नव्हे. तो केवळ बहाणा, किंवा बहाण्याहूनही वाईट असे काही असते.

ही कसोटी हाती घेऊन मागील इतिहासाची थोडी पाने चाळून पाहू.

पालवणकर बाळू यांचे नाव आजच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांच्याच कानी असेल. आडनाव कोकणातल्या गावाची खूण सांगणारे. जन्म धारवाड येथे, १८७६ साली. आणि जात त्या काळच्या समाजाने अस्पृश्य मानलेली. पुण्यास साहेब लोकांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर ते होते. त्या साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांच्या डाव्या हाताची फिरकी अशी तयार झाली की तिच्यापुढे भलेभले फलंदाज नांगी टाकू लागले. मग पुण्याच्या हिंदूंनी त्यांस आपल्या संघात घेतले. मैदानावर सर्वजण तोच चेंडू हाती घेत. परंतु चहाची वेळ झाली की बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात निराळा चहा मिळे. पुढे मुंबईस येऊन तेथील सामन्यांतही त्यांनी नाव गाजविले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडास गेला, त्यात बाळूंनी एकंदर ११४ गडी बाद केले.

एवढी कामगिरी झाल्यावर मुंबईच्या सामन्यांत हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस मिळावे, असे अनेकांस वाटे. वर्षामागून वर्षे गेली. ते मिळाले नाही. १९२० साली तर त्यांस संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी आपलीही नावे काढून घेतली, आणि हा आपल्या जातीचा अपमान आहे, असे उघडपणे सांगितले. मोठा बोभाटा झाला. बंधूंस परत बोलाविणे भाग पडले, व बाळूंस उपकप्तान नेमण्यात आले. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळू मात्र पूर्ण मानाने कप्तान कधीच झाले नाहीत.

आता आमची कसोटी लावून पाहा. "बाळू, तुम्ही आमचे सर्वांत चांगले गोलंदाज आहा, परंतु तुम्ही अमक्या घरी जन्मलात, म्हणून कप्तान होऊ शकत नाही," असे त्यांच्या समोर उभे राहून म्हणण्याचा धीर त्या निवडणाऱ्यांपैकी कोणास झाला असता? ज्या मनुष्याने संघास सामने जिंकून दिले, त्यास हे वाक्य ऐकविणे अशक्य होते. ते वाक्य अशक्य होते, यातच त्या निवडीचा निकाल लागतो.

मुंबईची ती स्पर्धाच मुळी धर्माच्या वाटणीवर उभी होती. १९१२ पासून तीत यूरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ होते. १९३७ साली पाचवा संघ आला, आणि त्याचे नाव 'रेस्ट', म्हणजे उरलेले, असे पडले. या चौघांत न बसणाऱ्या ख्रिस्ती वगैरे खेळाडूंसाठी तो होता. सांगली येथे जन्मलेले विजय हजारे हे ख्रिस्ती असल्यामुळे या उरलेल्यांच्या संघात खेळत. १९४३ सालच्या हंगामात अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध उरलेल्यांच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९ होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी दुसऱ्या टोकास तळ ठोकला. त्या दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत बंधूंचा वाटा २१ धावांचा होता. तरीही तो सामना उरलेल्यांनी एक डाव व ६१ धावांनी गमावला. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. पुढे हजारे भारताचे कप्तान झाले, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने इंग्लंडास हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या दिवशी त्यांस कोणी उरलेल्यांत मोजले नाही. कारण बदलले, तशी निवडही बदलली.

जातीप्रमाणे धर्म, आणि धर्माप्रमाणे दौलत. १९३६ साली इंग्लंडास जाणाऱ्या हिंदी संघाचे कप्तानपद विजयनगरमच्या महाराजकुमारांस देण्यात आले. त्याच संघात १९३२ साली पहिल्या कसोटीत नेतृत्व केलेले सी. के. नायडू एक साधे खेळाडू म्हणून होते. महाराजकुमारांनी तीन कसोटी सामन्यांत मिळून ३३ धावा काढल्या. आणि लाला अमरनाथांसारख्या खेळाडूस पहिली कसोटी होण्यापूर्वीच दौऱ्यावरून घरी धाडण्यात आले. "आपणाजवळ संस्थानी दौलत नाही, यास्तव आपण कप्तान नाही," हे वाक्य नायडूंस कोणी ऐकविले असते काय? येथेही तोच प्रकार.

आता कोणी म्हणेल, हे सर्व जुन्या काळचे. जात, धर्म आणि संस्थाने यांचा तो जमाना गेला. पुष्कळ अंशी गेला, हे मान्य. परंतु लाजेचे कारण गेले म्हणजे सांगण्याची सवय आपोआप येते, असे मात्र नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांची कथा हेच सांगते. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा रणजी करंडकाचा सामना झाला. निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडण्यास आणखी दहाच धावा हव्या होत्या; इतक्यात प्रतिपक्षाचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना सोडून दिला आणि आपला संघ घेऊन ते चालते झाले. ही हकीकत सर्वांस ठाऊक असते, व ती सांगताना सर्वजण त्या ठाकोरसाहेबांस दोष देतात. आमचे म्हणणे असे की त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्याच्या नावावर ४४३ धावांचा डाव आहे, ज्याच्याहून मोठा डाव आजवर कोणाही भारतीयास प्रथम दर्जाच्या सामन्यात खेळता आला नाही, त्या निंबाळकरांस भारतातर्फे एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. २०१२ साली ते निवर्तले. त्यांस न घेण्यास सांगण्याजोगे कारण असेलही. परंतु महाराष्ट्रातील क्रिकेटप्रेमींच्या दोन-तीन पिढ्या तो प्रश्न विचारीत राहिल्या, आणि त्यांचे समाधान होईल असे उत्तर त्यांच्या पदरी पडले नाही. ठाकोरसाहेबांनी एक विक्रम हिरावला. न सांगितलेल्या कारणाने सबंध कारकीर्द हिरावली.

येथवर वाचून विद्यार्थ्यांस असे वाटेल की निवड समिती म्हणजे अन्यायाचे घर. तसे नाही, म्हणून नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७१ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कप्तान निवडावयाचा होता. मन्सूर अली खान पतौडी हे लोकप्रिय, अनुभवी व बाणेदार कप्तान पदावर होते. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अजित वाडेकर यांच्या बाजूने टाकले, आणि देशात एकच गहजब उडाला. त्या दौऱ्यात सुनील गावसकर या नवख्या तरुणाने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. मडगावच्या दिलीप सरदेसायांनी ६४२ धावा काढल्या. आणि भारताने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यानेच मालिका जिंकली. त्याच वर्षी इंग्लंडातही जय मिळाला. चहाच्या दुकानातील मतदानावर संघ निवडला असता, तर वाडेकर कप्तान झालेच नसते. तेव्हा लोकांच्या ओरड्यास भिऊन निवड करावी, असे आमचे बिलकूल म्हणणे नाही. निवड करणाराने लोकमताविरुद्ध जावे; खुशाल जावे. मात्र आपण कोठे चाललो व का चाललो, हे त्यास सांगता आले पाहिजे. "नव्या पिढीच्या हाती संघ देण्याची वेळ आली आहे," हे कारण पतौडींच्या समोर बसून सांगता येण्याजोगे होते. ते कटू असेल. परंतु त्यात लाजिरवाणे काही नव्हते. कटू कारण आणि लाजिरवाणे कारण यांतील भेद हाच या लेखाचा सारांश समजावा.

कटू कारणाचे आणखी एक उदाहरण मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांचे. डाव्या हाताचे हे फिरकी गोलंदाज प्रथम दर्जाचे १२४ सामने खेळले व त्यांनी ५८९ गडी बाद केले. १९७३ सालच्या रणजी अंतिम सामन्यात मद्रास येथे तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८, आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी टिपले. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही त्याच जातीचे गोलंदाज. त्यांच्या नावावर ७५० गडी आहेत. या दोघांपैकी एकासही कसोटी सामना मिळाला नाही. कारण त्याच काळी, त्याच हाताचे, त्याच कलेचे बिशनसिंग बेदी भारताकडून खेळत होते. हे कारण सांगता येण्याजोगे होते, आणि त्या दोघांनीही ते समजून घेतले असेल, असे मानावयास हरकत नाही. परंतु १९७४ साली बंगलोरच्या कसोटीत बेदी संघात नव्हते. गोयल यांस बोलावून घेण्यात आले. ते तेथे पोहोचले. आणि सामन्याच्या दिवशी अकरांत त्यांचे नाव नव्हते. ज्या दिवशी जुने कारण उरले नाही, त्या दिवशीही निकाल तोच राहिला, तर मनुष्याने काय समजावे? प्रेक्षकांचा संताप अशा वेळी होतो, आणि तो आम्हांस रास्त वाटतो.

शिवलकर व गोयल यांस २०१७ साली क्रिकेट मंडळाने सी. के. नायडूंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० साली व शिवलकर २०२५ साली परलोकवासी झाले. पुरस्कार मिळाला, हे चांगलेच झाले. पण संघाची टोपी डोक्यावर ठेवण्याचे वय निघून गेल्यावर गळ्यात घातलेला हार निराळा असतो.

आतापर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या निवडींचे मोजमाप केले. तोच गज आता स्वतःस लावून पाहणे प्राप्त आहे. नाही तर या लेखास काही अर्थ राहणार नाही.

काही वर्षांपूर्वी ज्या शाळेत आम्ही होतो, तेथे क्रिकेटचा संघ निवडण्याचे काम आम्हांकडे होते. मैदान जांभ्याच्या कातळावरचे. त्यावर काथ्याची चटई अंथरून खेळावयाचे. संध्याकाळी ती चटई गुंडाळून ठेवण्याचे काम पाळीने असे. पण खाडीपलीकडून येणारा एक मुलगा पाळी नसतानाही हात लावण्यास थांबे. वाळूत चेंडू टाकून टाकून त्याची गोलंदाजी पक्की झाली होती. सरावाच्या सामन्यांची वही आम्हीच लिहीत असू, व तीत त्या हंगामात सर्वांत अधिक बळी त्याच्या नावापुढे होते. जिल्ह्याच्या सामन्यासाठी अकरा नावे निवडताना अकरावी जागा त्याची की दुसऱ्या एका मुलाची, असा प्रश्न आला. दुसरा मुलगाही वाईट नव्हता. परंतु त्याच्या वडिलांनी शाळेस नवे पॅड व हातमोजे आणून दिले होते, आणि सामन्याच्या दिवशी संघास नेण्यासाठी आपली गाडी देऊ केली होती. आम्ही त्या दुसऱ्या मुलाचे नाव लिहिले.

शनिवारी शाळा सुटताना व्हरांड्यात उभे राहून आम्ही यादी वाचली. मुले पांगली. तो मुलगा दप्तर पाठीवर घेऊन खांबापाशी उभा होता. जवळ येऊन त्याने विचारले, "सर, माझं काय चुकलं?"

आम्ही म्हणालो, "चुकलं काही नाही रे. संघाचा समतोल बघावा लागतो. पुढल्या वर्षी बघू."

"बरं सर," एवढेच तो बोलला, आणि गेला.

संघाचा समतोल! हा शब्द आम्ही वर्तमानपत्रातून उचलला होता. मोठमोठ्या समित्यांच्या तोंडी तो नेहमी असतो, म्हणून तो आमच्याही कामी आला. त्या मुलास खरे कारण सांगावयाचे म्हटले असते तर असे म्हणावे लागले असते: "बाळ, तुझी गोलंदाजी अधिक चांगली आहे, पण त्याच्या घरी गाडी आहे आणि तुझ्या घरी नाही." हे वाक्य आमच्या जिभेवर आले नाही, येणेही शक्य नव्हते. विजयनगरमच्या महाराजकुमारांस ज्यांनी कप्तान केले, त्यांच्याविषयी मुलांपुढे चढ्या आवाजात बोलणारे आम्ही. आमच्या हाती अकरा नावांची लहानशी यादी आली, तेव्हा आम्हीही तेच केले.

तो सामना आम्ही जिंकलो. त्यामुळे निवडीविषयी आम्हांस कोणीच काही विचारले नाही. जिंकल्यावर चुकीची निवडही शहाणपणाची ठरते, हा खेळातला एक मोठा धोका आहे. सोमवारपासून तो मुलगा सरावास आला नाही. त्यास बोलावून आणून दोन शब्द सांगावे, असे अनेकदा मनात आले. परंतु सांगावयाचे काय, हा प्रश्न होताच. वर्ष संपले, आणि तो शाळा सोडून गेला. बळींची ती वही अजून आमच्याजवळ आहे.

म्हणून या वर्षी आम्ही मुख्याध्यापकांस तीन सूचना केल्या आहेत, व पालकांच्या माहितीसाठी त्या येथे नमूद करितो. पहिली अशी की, सरावाच्या सामन्यांची वही फळ्याशेजारी सर्वांस पाहता येईल अशी टांगावी, आणि निवड कशाच्या आधारे होणार, हे हंगामाच्या आरंभीच लिहून लावावे. दुसरी अशी की, निवड एकट्याने न करिता तिघा शिक्षकांनी करावी, आणि ज्याच्या घरचा अगर शिकवणीचा मुलगा विचारात असेल, त्याने त्या वेळी बाजूस राहावे. तिसरी सूचना आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. यादी जाहीर होण्यापूर्वी ज्या मुलांची नावे थोडक्यात राहिली, त्यांस एकेकास बोलावून कारण सांगावे. जे कारण सांगताना आमची जीभ अडखळेल, ते कारण त्याच क्षणी रद्द समजून यादी पुन्हा करावी. हाच नियम स्नेहसंमेलनातील नाटकाच्या पात्रांस व वक्तृत्वाच्या स्पर्धेसही लागू करण्यास हरकत नसावी.

सुज्ञ पालकांस एक विनंती आहे. शाळेस आपण जी मदत करिता, तिच्यावाचून आमचे चालत नाही, आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहो. परंतु ती देणगी संघ निवडला गेल्यावर द्या, किंवा फार आधी द्या. निवडीच्या आठवड्यात देऊ नका. आम्हीही माणसेच आहो. आणि मुलगा यादीत नाव नसल्याचे सांगत घरी आला, तर "मास्तरांनी पक्षपात केला" असे त्याच्या देखत लगेच म्हणू नका. प्रथम त्यास विचारा, "कारण काय सांगितले?" कारण सांगितले असेल व ते खरे असेल, तर कटू असले तरी त्यास गिळावयास शिकवा. कारण सांगितलेच नसेल, तर शाळेत येऊन आम्हांस विचारा. तो तुमचा अधिकार आहे.

विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते इतकेच. १९८८ साली मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, हे तुम्हांस पाठ आहे. त्यांच्या मागून खेळावयास पायांस पॅड बांधून जो मुलगा बसून राहिला, त्याचे नाव अमोल मुजुमदार. पुढे मुंबईतर्फे पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११,१६७ धावा काढल्या. आणि भारताच्या संघात त्याची निवड एकदाही झाली नाही. त्या काळी द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली हे त्या जागांवर होते. तेव्हा हे कारण तरी तोंडावर सांगता येण्याजोगे होते. २०२३ साली मुजुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने जगज्जेतेपद मिळविले. अकरांत कोण व बाहेर कोण, हे ठरविण्याच्या खोलीत आता ते स्वतः बसू लागले. पॅड बांधून दिवसभर वाट पाहणे कसे असते, हे त्या खोलीत त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांस पुढे आयुष्यात निवडून घेतले जाईल, आणि त्याहून अधिकांस कधी ना कधी वगळले जाईल. परंतु जवळजवळ प्रत्येकावर दुसऱ्यास निवडण्याची वेळही येईल; कोणी कचेरीत, कोणी कारखान्यात, कोणी पंचायतीत, कोणी आमच्यासारखे शाळेच्या व्हरांड्यात. त्या दिवशी हातात यादी असेल आणि खांबापाशी कोणी उभा असेल. तो विचारील, "माझं काय चुकलं?" त्यास त्याच्याकडे पाहून खरे उत्तर देता यावे, अशीच यादी करा.

येत्या हंगामाची वही फळ्याशेजारी टांगली जाईल. ती पाहावयास पालकांनीही यावे, हे आमचे अगत्याचे निमंत्रण आहे.